राखाडी बुटक्यांची फौज

४ जून

चि. सेनापतीणबाईंस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझं खोकं काल दुपारी पोचलं. कुरिअरवाल्याने ते दारात असं आपटलं की लढाई उंबऱ्यावरच आटोपली असं मला वाटलं. पण तू एकेकाला कापसात इतकं जपून गुंडाळलं होतंस की सगळे बोटभर बुटके धडधाकट निघाले. फक्त एकाची कुऱ्हाड मोडली आहे, ती चिकटवतो. चिकटवल्याचा वण राहील, पण सैनिकाला एखादा वण शोभतो.

मामी म्हणाली, "निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, आमच्याकडे बाहुल्या आल्या." मी तिला तुझ्याच शब्दांत सुनावलं, "बाहुल्या नाहीत, मिनिएचर आहेत." त्यावर ती म्हणाली, "मग माझ्या शिवणाच्या टेबलावरून तुमची मिनिएचर उचला." तेव्हा सध्या फौजेची छावणी खिडकीखालच्या स्टुलावर पडली आहे.

तुमच्या त्या टेबलावरच्या लढाईच्या खेळाच्या वार्षिक मेळाव्यात बिनरंगाची फौज मोठ्या टेबलावर चढू देत नाहीत, म्हणून तू दरवर्षी कोपऱ्यातल्या टेबलावर खेळून परत येतेस, हे मला ताईकडून कळलं. तुझ्या आईने सांगेपर्यंत तू गप्प का? मामा काय मेला होता? सगळं आयुष्य गॅरेजमध्ये गाड्यांचे रंग जुळवण्यात गेलं. ठोकरलेला दरवाजा मी रंगवून दिला की मालकालासुद्धा कुठला दरवाजा ठोकरला होता ते सापडायचं नाही. या वर्षी तू मोठ्या टेबलावर बसणार. माझा शब्द.

तुझी योजना वाचली. भर दुपारची खिंड, तांबूस पिवळे कडे, वाळलेलं गवत आणि त्यातून उतरणारी डोंगरी बुटक्यांची फौज. योजना पसंत आहे. तांबूस खडकावर राखाडी झगे आणि पांढऱ्या दाढ्या उठून दिसतील. कडे करताना झाडाच्या सालीचे तुकडे उभे लाव, आडवे नको. आधी गडद रंग दे, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग नुसता वरवर फिरव, म्हणजे तो उंचवट्यांवरच बसेल. पण तुला काय शिकवायचं? लहानपणी माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात बसून पॅकिंगच्या थर्माकोलचे डोंगर तूच करायचीस आणि मिस्त्री लोक चहा सोडून ते बघायला यायचे. हात तुझाच, मी फक्त उरलेला रंग द्यायचो.

तू झग्यांच्या रंगासाठी राखाडी खडकाचा फोटो पाठवला आहेस, नमुना म्हणून. तो या पत्रासोबत परत पाठवतो आहे. फोटोवरून रंग जुळवतात ते शिकाऊ. डोंगरी दगडाचा राखाडी माझ्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

एक विनंती, अक्षर जरा मोठं काढत जा. आणि हल्लीच्या ट्यूबलाइटही काही खऱ्या नाहीत. नवी लावली तरी उजेड जुन्या कागदासारखाच पडतो.

तुझा,
मामा


११ जुलै

चि. सेनापतीणबाईंस,

आशीर्वाद. फौज तयार आहे आणि याच खोक्यात आहे. सावकाश उघड.

आता जरा बढाई मारू दे. बाटलीतला तयार राखाडी मला अजिबात पटला नाही. मातकट, पिवळसर, धुळीने भरलेल्या गाडीसारखा. मग मी स्वतः मिसळत बसलो. थोडा पांढरा, थोडा काळा आणि निळा. निळा घालत गेलो, घालत गेलो आणि एका क्षणी हवा तो राखाडी समोर उभा राहिला. पहाटे ओल्या दगडाचा असतो ना, तो. दाढ्यांचंही तेच झालं. पांढरा काही केल्या पांढरा दिसेना, त्यालाही निळ्याचा हात दिला तेव्हा कुठे उजळला. बूट काळे आहेत, सरळ बाटलीतून. सेनापती बोकडावर बसला आहे आणि त्याला टक्कल आहे. हे तू मुद्दाम निवडलंस, मला ठाऊक आहे.

झग्यांच्या चुण्या बघ. प्रत्येक चुणीच्या तळाशी सावली भरली आहे. पट्ट्यांची बक्कलं बघ. फक्त डोळे काढले नाहीत. बुबुळाचा ठिपका कुंचल्याच्या टोकाला येईपर्यंत ते टोकच पसरायचं. म्हणून सगळ्यांची शिरस्त्राणं भुवयांपर्यंत गडद केली आहेत. डोंगरातली माणसं, उन्हाने डोळे बारीक करून चालतात असं समज.

मामीशी मात्र भांडण झालं. ती दोऱ्याचं रीळ हातात घेऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, "निळे छान दिसताहेत." मी म्हटलं, "निळे कोण?" ती म्हणाली, "हेच की, तुमचे बुटके." मी ताडकन म्हणालो, "हा राखाडी आहे. ज्याने जन्मभर रंग जुळवला त्याला रंग शिकवतेस?" ती म्हणाली, "बाहेरून एखादा दगड आणून शेजारी ठेवून तरी बघा." मी बघितलं नाही. ट्यूबलाइटचा दोष आहे असंही म्हणालो. त्यावर तिने "नाचता येईना अंगण वाकडं" एवढंच म्हटलं आणि मशीन चालवत बसली. पुन्हा विषय काढला नाही. ही बाई गप्प बसली की मला जास्त राग येतो.

गॅरेजच्या रिवाजाप्रमाणे एक नग मागे ठेवून घेतला आहे. प्रत्येक कामाचा पत्र्याचा एक तुकडा आम्ही त्याच रंगात रंगवून जपून ठेवत असू, पुढे कधी डाग लागला तर जुळवायला. इथे पत्रा नाही, तर मोडक्या कुऱ्हाडीवाल्याच्या शेजारचा बुटका ठेवला. मेळाव्यानंतर पाठवीन.

फौज मोठ्या टेबलावर कशी दिसते ते कळव. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मामा


२३ जुलै

चि. सेनापतीणबाईंस,

आशीर्वाद. तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात कलकल चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालीस, "मामा, काम फार सुबक आहे. चुण्या बघून माझी मैत्रीण वेडी झाली." ठीक. मग विचारलंस, "कुठल्या उजेडात रंगवलंस?" हा काय प्रश्न झाला? खिडकीच्या उजेडात रंगवलं. रंगाबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस हे माझ्या ध्यानात आलं आहे. मी काही दुधखुळा नाही.

आणि वर ती अट! "मोठ्या टेबलावर फौज मी मांडेन, पण बघायला तू येणार असशील तर. आणि येण्याआधी डोळे दाखवून ये." ताई वर्षभर हेच म्हणते आहे, आता तू. मायलेकींनी चारी बाजूंनी कोंडी केली आहे. मामीला विचारलं, तर म्हणाली, "सेनापतीचा हुकूम आहे, मी काय बोलणार?"

तर दाखवले. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. आधी डावा, मग काही आठवड्यांनी उजवा. म्हणाली, "काका, इतके दिवस कसं चालवलंत?" मी म्हटलं, "छान चालवलं." तारीख लगेच देते म्हणाली. मी सांगितलं, सध्या जमणार नाही. घरात कामं आहेत, पावसाळी हवा आहे, शिवाय घाई कशाला? घाबरण्याचा प्रश्नच नाही.

इथवर लिहून मी उठलो होतो. पुन्हा बसलो.

तुझ्या पणजोबांना तू पाहिलेलं नाहीस. माझे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. त्या काळी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवून ठेवत, हलायचं नाही म्हणून. पट्टी सुटली, सगळे म्हणाले छान झालं, आणि आजोबा घरी येऊन घड्याळ उघडून बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग झाकण लावलं. पुन्हा कधी उघडलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही, पण नंतरची सगळी वर्षं ते हात मांडीवर ठेवून बसायचे. ते हात मला अजून दिसतात.

मी घाबरलो आहे. झालं समाधान? मामीलाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू हसणार नाहीस.

तारीख घेतो.

मामा


१९ ऑगस्ट

चि. सेनापतीणबाई,

आशीर्वाद. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाळूच्या पिशव्या नाहीत, काही नाही. चहा प्यायला घरी आलो.

पट्टी सुटली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. दवाखान्याची भिंत पांढरी होती. तुला वाटेल त्यात काय सांगायचं? अगं, पांढरी म्हणजे पांढरी! डॉक्टरीणबाईच्या कोटापेक्षा भिंत वेगळी पांढरी आणि कोटाच्या खिशातला कागद आणखी वेगळा. मी तीन पांढरे एकदम बघितले आणि वेड्यासारखा हसत सुटलो. बाहेर आलो तर आभाळ! एवढं निळं ते रोजच होतं का? मामी रिक्षा थांबवत होती. तिचे केस पांढरे झाले आहेत. मी समजत होतो अजून करडे आहेत.

घरी आलो आणि पहिल्यांदा खिडकीपाशी गेलो. मागे ठेवलेला बुटका तिथे उभा होता.

निळा. शाईच्या दौतीत बुडवून काढावा तसा. दाढीसुद्धा निळी. बूट काळे नव्हतेच, गडद निळे होते. बाटली भिंगाखाली धरली, चिठ्ठीवर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी डावा डोळा मिटला आणि उजव्याने बघितलं. राखाडी, मला हवा होता तोच, ओल्या दगडाचा. डावा उघडला, निळा. किती वेळ असा उघडझाप करत उभा होतो कोण जाणे. मामीने खुर्ची आणून मागे ठेवली तेव्हा बसलो.

म्हणजे गॅरेजात शेवटपर्यंत मी चुकलो नाही तो नमुन्यामुळे. नमुना आणि रंग दोन्ही मोतीबिंदूच्या त्याच पिवळ्या काचेतून बघत होतो, जुळायचंच. आणि ज्या एका कामाला मी तोऱ्यात नमुना परत पाठवला, ते काम तुझं. काविळीवाल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, इथे मी अख्खी फौज निळी करून ठेवली आणि मामीवर ओरडलो ते वेगळंच.

मामी म्हणाली, "मी तेव्हाच तिला फोन केला होता. ती म्हणाली, रंगाचं मी बघते, तुम्ही डोळ्यांचं बघा." म्हणजे खोकं उघडण्याआधीच तुला ठाऊक होतं. आणि तू मला म्हणालीस, काम सुबक आहे.

बाळ, ती फौज मोठ्या टेबलावर ठेवू नकोस. तांबूस खिंडीत निळे बुटके म्हणजे तुझं हसं होईल. इतक्या वर्षांनी तुला ती जागा मिळते आहे, ती माझ्यामुळे जायला नको. मेळावा रविवारी आहे, तू परत पाठवून मी पुन्हा रंगवीन एवढा वेळ नाही. तू पुसून नव्याने रंगवणार असशील तर रंगव, खरंच रंगव, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण रंगव. कबूल केलं आहे म्हणून येईन, मागच्या रांगेत उभा राहीन.

मामा


२६ ऑगस्ट

प्रिय सेनापती,

आज चि. नाही आणि बाई नाही. आज तुला सलाम.

परतीच्या गाडीत मामी झोपली आणि मी काचेतून बाहेर बघत बसलो होतो. काल दिवसभर धड बोलता आलं नाही, चारचौघांत बोललो असतो तर माझी फजिती झाली असती. म्हणून लिहितो.

त्या हॉलमध्ये शिरलो. टेबलामागून टेबलं. लाल राक्षसांची फौज, हिरवे सरडे, पंखवाल्या बायका. मी तुझी तांबूस खिंड शोधत होतो आणि ती सापडेना. मनात म्हटलं, माघार घेतली पोरीने. मग मामीने कोपर मारून दाखवलं.

तू दुपार मोडून टाकली होतीस. सालीचे सगळे कडे नव्याने रंगवलेस, जांभळट, सावळे. वाळलेलं गवत गेलं. खाचाखळग्यांत बर्फ आला आणि बर्फाच्या कुशीत निळी सावली. सूर्य नुकताच बुडालाय, दिवे अजून लागायचेत, सगळ्या वस्तू आपापला रंग खाली ठेवतात, ती वेळ. आणि खिंडीच्या माथ्यावर एक झोपडी, तिच्या खिडकीत एवढासा पिवळा बल्ब. माझे बुटके त्या उजेडाकडे चालले होते. दिवसभर चालून आलेले, घराच्या ओढीने. शिरस्त्राणाखाली डोळे नसल्याचं कोणाला जाणवत नव्हतं, त्या वेळी कोणाचे डोळे दिसतात?

आणि ते राखाडी होते. शप्पथ सांगतो, डाव्या, नव्या, धुतलेल्या डोळ्याने बघत होतो मी. त्या निळ्या संध्याकाळी ते राखाडी होते, अगदी ओल्या दगडाचे. माझ्या डोक्यात होता तो रंग तू टेबलावर खरा करून ठेवलास.

तरी संशयी माणूस मी. खिशातून भिंग काढलं आणि वाकून तपासलं. एकाही बुटक्याला तू कुंचला लावला नव्हतास. मोडक्या कुऱ्हाडीवर माझा चिकटवल्याचा वण तसाच. डोंगर हलवलास, ऋतू बदललास, दिवस बुडवलास, पण मामाच्या रंगावर रंग चढवला नाहीस. असं काम मी उभ्या जन्मात बघितलं नाही. मी आयुष्यभर वस्तूचा रंग जागेशी जुळवला. जागाच वस्तूशी जुळवायची हे मला कधी सुचलंच नसतं.

त्या परीक्षक बाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या, टेबलाभोवती दोनदा फिरल्या. मग म्हणाल्या, "हा राखाडी कोणी मिसळला?" मी मामीच्या मागे सरकलो. तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "मामाने. मी फक्त वेळ ठरवली."

बाळ, हे वाक्य तू सहज बोललीस आणि पुढच्या टेबलाकडे वळलीस. मी तिथेच उभा होतो.

आता लढाईबद्दल. टकला सेनापती बोकडासकट पहिल्याच हल्ल्यात पडला, याची नोंद घेतली आहे. तुझी डावी बाजू उघडी होती, एवढं मलाही कळलं. हरलीस, पण हरताना तू ज्या पोटतिडिकीने मागच्या रांगा सावरत होतीस ते बघून समोरचा दाढीवाला खेळाडू घामाघूम झाला होता. सजावटीत दुसरा नंबर आला. पहिला त्या लाल राक्षसांना. परीक्षक बाईंना माझ्या डॉक्टरीणबाईचा पत्ता देईन म्हणतो.

मामीला घरी आल्यावर म्हटलं, "निळे छान दिसत होते." ती म्हणाली, "राखाडी होते." आता बोला!

मागे ठेवलेला बुटका या पत्रासोबत आहे. आज सकाळी त्याला खरा राखाडी द्यायला बसलो होतो. बाहेरून दगड आणला, शेजारी ठेवला, रंग बरोबर जुळवला. कुंचला भरून घेतला आणि मग धुऊन टाकला. तो जसा आहे तसा फौजेत उभा कर. मी परत पाठवलेला खडकाचा फोटो मात्र पुन्हा पाठव. पुढच्या फौजेला लागेल. पुढची फौज आहे ना?

उजव्या डोळ्याची तारीख घेतली आहे, पुढच्या महिन्यात. भीती आहेच, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण आजोबांचे हात हल्ली कमी दिसतात. त्याऐवजी तुझ्या झोपडीची खिडकी दिसते. पट्टी सुटेल त्या दिवशी सुट्टी मिळाली तर ये. तेव्हा मला भिंत नको, आभाळ नको. गॅरेजात प्रत्येक कामाच्या शेवटी करायचो तेच करायचं आहे. नमुना समोर धरून जग नीट जुळलंय का ते बघायचं आहे.

तेव्हा नमुना म्हणून समोर तू उभी राहा.

तुझ्या हुकमातला,
मामा